भाऊंचा रविवारचा चहा

१. भाऊ रविवारी सकाळी गेले. हार्ट अटॅक.
२. तेव्हा ते भिंतीपलीकडच्या सोसायटीत चहा पीत बसले होते.
३. अ‍ॅम्ब्युलन्स पलीकडच्यांनी बोलावली. हॉस्पिटलमध्ये सोबत गेले तेही पलीकडचेच.
४. आम्हाला फोन आला तो शोभाताईंचा. "भाऊ गेले. चहा अर्धा राहिला."

ज्यांना भाऊ माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते.

भांडुपला आमच्या दोन सोसायट्या आहेत. मध्ये एक भिंत, भिंतीत एक लोखंडी गेट. आमच्या बाजूला बहुतेक कोकणातली, मिलच्या काळात आलेली कुटुंबं. पलीकडे बौद्ध कुटुंबं, बरीचशी मराठवाड्यातली.

भाऊ आमच्या तळमजल्यावर राहायचे. मालवणचे. फौजेत सिग्नलमध्ये होते.

सीमेवरच्या एका ठाण्यावर त्यांचं काम एकच. समोरच्या बाजूच्या अधिकाऱ्यांशी बोलायची जी फोन लाइन असते, ती चालू आहे की नाही हे रोज सकाळी बघायचं.

फोन लावायचा. पलीकडून त्यांचा माणूस उचलायचा.
"लाइन ठीक?"
"ठीक."
ठेवायचा.

"बस, एवढंच?" मी विचारलं होतं.

"एवढाच गो चेडवा. पण भांडणाच्या दिवशी लाइन जोडूक गेलंस तर जोडूक येत नाय. ती आधीच जिती असाक व्हयी."

मी नेटवर्क इंजिनिअर आहे. त्यांना म्हटलं, आमच्याकडेही दोन मशिन्स अशाच एकमेकांना रिकामे सिग्नल पाठवत राहतात. कीप-अलाइव्ह म्हणतात त्याला.

भाऊ खूश झाले. त्यानंतर भेटेल त्याला सांगायचे, "माझा काम आता मशीन करता."

रिटायर झाल्यावर त्यांनी तेच काम इथे सुरू केलं. दर रविवारी सकाळी गेटमधून पलीकडे. शोभाताईंकडे चहा. शोभाताई पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतात, बोलायला एकदम रोखठोक.

"काय भाऊ, काय नवीन?"
"काय नाय."
"आमच्याकडे पण काय नाय. बसा."

आमच्यातले काही हसायचे. पलीकडचेही हसायचे. म्हणायचे, म्हाताऱ्याला घरी चहा मिळत नाही.

मग एका वर्षी जयंतीच्या मिरवणुकीला गेट बंद सापडलं.

मिरवणूक दरवर्षी त्या गेटमधून येते. आमची शिमग्याची पालखीही तिथूनच पलीकडे जाते. त्या संध्याकाळी कुलूप होतं. पलीकडून ओरडाआरडा, मग एक दगड, आमच्या जिन्याची काच फुटली. पाच मिनिटांत दोन्हीकडची पोरं गेटला चिकटली. आमच्या बाजूला काहींच्या हातात काय होतं ते लिहीत नाही.

भाऊंचा फोन वाजला. मी शेजारीच उभी होते. त्यांनी स्पीकरवर टाकला.

"भाऊ, किल्ली कोणाकडे आहे?"
"माका ठाऊक आसा. पोरांका धर. दहा मिनिटां."
"पाच."
"शोभा, माझे गुडघे बघ गो."
"बरं, सात."

किल्ली माझ्या दादाच्या खिशात होती.

"दी," भाऊ म्हणाले.
"भाऊ, त्यांनी काच फोडली."
"फोडली. रविवारी जातलंय तेव्हा इचारतंय. आता किल्ली दी."

दादाने दिली. गेट उघडलं. मिरवणूक गेली. आमच्या बाजूने कुणी हार घातले नाहीत, पण कुणी आडवंही गेलं नाही. पुढच्या रविवारी भाऊंनी काचेचं विचारलं. पलीकडच्या दोन पोरांनी येऊन नवीन बसवली, जरा वाकडी. अजून तशीच आहे.

सीमेवर पेटलं तेव्हा सोसायटीने खाली मोठा टीव्ही लावला. ग्रुपवर मेसेज, एकदाचं संपवून टाका. भाऊ फौजी, म्हणून माइक त्यांच्या हातात दिला.

ते म्हणाले, "दोन्हीकडचे फोन चालू रवांदेत."

मागून कोणीतरी म्हणालं, "काय भाऊ, फौजी ना तुम्ही? फाटली काय?"

"व्हय रे. माझी तेव्हा पण फाटलेली. तू गेलंस तर तुझी पण फाटतली. तुका जावचा लागू नये म्हणान सांगतंय."



मी नंतर विचारलं, "भाऊ, हे सगळं वरच्या लोकांच्या हातात. आपण काय करणार?"

"आपली लाइन तपासूची. उद्या रविवार."

गोळीबार थांबला. दोन्हीकडचे अधिकारी फोनवर बोलले, असं बातम्यांत आलं. भाऊ टीव्हीकडे बघत म्हणाले, "ती लाइन कोणीतरी रोज तपासत असतलो." तो कोणीतरी कोण, कुठल्या बाजूचा, याचा ते बराच वेळ विचार करत बसले असावेत. मला तसं वाटलं.

सोमवारी स्मशानातून परतताना शोभाताईंनी गेटपाशी विचारलं, "रविवारी कोण येणार?"

आमच्या बाजूचे एकेक करून जिन्याकडे वळले.

या वर्षी शिमगा आणि जयंती दोन्ही जवळ आहेत. पार्किंगवरून आधीच कुरबुर चालू आहे. आणि गेटच्या दुसऱ्या बाजूला हक्काने फोन लावणारं माणूस आता एकच उरलंय, तेही पलीकडे: शोभाताई.

काल दादा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"तिकडे जाताना काही न्यायचं असतं काय?"
"भाऊ रिकाम्या हाताने जायचे."
"मग ठीक आहे."

भाऊ, या रविवारी दादा जातोय. तुम्ही आता आराम करा.

आमच्या बाजूच्या बाकीच्यांना: पुढच्या चार रविवारांसाठी दर वेळी एक नाव हवं आहे. बोलण्यासारखं काही नसलं तरी चालेल. एक रविवार मी घेते. उरलेले तीन कोण घेणार, ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत इथेच कळवा.