विहीणबाई गाव बघायला येतात

गावात त्यांना सगळे गाईडकाका म्हणत, पण काका गाईड नव्हते. ते टॅक्सी चालवायचे. चौतीस वर्षं एकाच स्टँडवर उभं राहून त्यांनी एकाच रंगाच्या तीन गाड्या झिजवल्या होत्या. स्टेशनवरून सरळ घरी निघालेल्या माणसालाही ते वाटेत बुरूज, घड्याळ आणि तलाव दाखवल्याशिवाय सोडत नसत. "नुसतं पोचायचंच असेल तर प्रवास कशाला करायचा?" असं ते विचारत. माणूस मागच्या सीटवर चरफडायचा, पण काकांना त्याचं काही वाटायचं नाही.

आता पाहण्यासारखं होतं काय, ते खरं सांगायचं तर दोन मिनिटांत आटपतं. किल्ल्याचा एकच बुरूज उरला होता आणि त्याच्या डोक्यावर पालिकेने पाण्याची टाकी बसवली होती. तलाव होता, पण त्यात पाणी येऊन वीस वर्षं झाली होती. काठावरची 'पोहण्यास सक्त मनाई' ही पाटी मात्र दरवर्षी न चुकता रंगवली जायची. उरलेलं सगळं काकांच्या तोंडात होतं. बुरुजाचं वय ते गिऱ्हाईक बघून सांगत. साध्या माणसाला तीनशे वर्षं, गळ्यात कॅमेरा असेल तर पाचशे.

या गावाची आणखी एक खोड होती. इथे पत्ता सांगायचा तो नसलेल्या गोष्टींवरून. सिनेमा टॉकीज पाडून तिथे डोळ्यांचं हॉस्पिटल झालं, त्याला जमाना झाला. तरी सगळे म्हणणार, "टॉकीजपासून डावीकडे वळा." बर्फाचा कारखाना बंद पडून तिथे तीन मजली शोरूम उभं राहिलं, तरी तो बर्फाचा कारखानाच. वाकडं झाड तर अकरा वर्षांपूर्वीच्या वादळात मुळासकट उपटलं गेलं होतं. पण त्या जागी रिकाम्या हवेकडे बोट दाखवून "वाकड्या झाडाशी उतरवा" म्हणणारे प्रवासी काकांना रोज भेटत, आणि काका बरोबर तिथेच गाडी थांबवत.

तर अशा या गावावर काकांचं सगळं सुख येऊन अडलं होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन सात तासांवरच्या मोठ्या शहरात राहायची. जावई तिथे कॉलेजात शिकवायचा. आता इथल्या कॉलेजातून त्याला बोलावणं आलं होतं आणि सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. जावयाला यायचं होतं. मुलगी तर एका पायावर तयार होती. दोघांसाठी काकांनी एक घरसुद्धा बघून ठेवलं होतं. अडलं होतं जावयाच्या आईपाशी. आईला एकटीला तिथे ठेवणार नाही, असं जावई म्हणाला, आणि आई म्हणाली, "त्या गावात आहे काय?" लग्न शहरातच झालं होतं, त्यामुळे विहीणबाईंनी हे गाव कधी पाहिलंच नव्हतं. शेवटी त्याच म्हणाल्या, "एक दिवस बघून येते, मग सांगते."

आदल्या दिवशी मुलीचा फोन आला.

"बाबा, त्यांनी एकतीस देश बघितलेत. त्यांच्यापुढे जास्त फेकू नका."

"मी कधी फेकतो?"

पलीकडून हसू ऐकू आलं. मग मुलगी म्हणाली, "बाबा, मला यायचंय हो." काकांनी फोन बायकोकडे दिला आणि गाडी पुसायला गेले. पुसलेलीच गाडी त्यांनी पुन्हा दोनदा पुसली.

काकूंचं मत वेगळं होतं. "अहो, त्यांना घरी बसवा, दोन घास सुखाने जेवू घाला, गप्पा मारा. गाव दाखवायच्या फंदात पडू नका. दाखवलंत की संपलं."

पण ऐकतील ते काका कसले?

शनिवारी सकाळच्या बसने विहीणबाई आल्या. ठेंगणी मूर्ती, पायात धावायचे बूट, डोक्यावर टोपी, हातात वही. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, निवृत्त झाल्यापासून टूरबरोबर जग हिंडत होत्या. जागा बघितली की वहीत दोनच गोष्टी लिहायच्या, पायऱ्या किती आणि बाथरूम कुठे. बाकीचं पुस्तकात मिळतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

"एकेका ठिकाणाला वीस मिनिटं पुरतील ना?" गाडीत बसता बसता त्यांनी विचारलं. "टूरवर तेवढीच देतात."

बुरुजाला सहा मिनिटं पुरली. काकांनी राजा, वेढा, भुयार असं सगळं एका दमात सांगितलं. विहीणबाई मान वर करून बघत होत्या.

"टाकी कुठल्या राजाच्या काळातली?"

काकांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्या वहीत पायऱ्या लिहीत होत्या.

घड्याळाच्या मनोऱ्याला चार तोंडं होती आणि चारही तोंडांवर वेगवेगळी वेळ होती. काकांनी समजावलं की शाळा पूर्वेच्या घड्याळावर भरते, पश्चिमेच्या घड्याळावर सुटते, आणि त्यामुळे मुलांना पंधरा मिनिटं जास्त शिक्षण मिळतं.

"यातलं बरोबर कोणतं?"

"स्टेशनकडचं, ताई. पण गाड्या त्यावर धावत नाहीत."

विहीणबाईंनी "हं" केलं. काकांना त्या 'हं'चा अर्थ लागेना. तलावात उतरून मुलं चेंडू खेळत होती, तिथे तर त्यांनी गाडी थांबवलीसुद्धा नाही. मोठ्या चौकातून पुढे जे दिसेल ते दाखवत सुटले. "ही टॉकीज. हा बर्फाचा कारखाना. हे वाकडं झाड. त्याच्यासमोर तो डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, आमची मुलगी तिथेच जन्मली." दवाखान्याच्या जागी आता चष्म्यांचं दुकान होतं. विहीणबाई खिडकीतून बघत होत्या. त्यांना दिसत होतं एक आणि ऐकू येत होतं दुसरंच.

"भाऊ, झाड कुठेय?"

"ते वादळात पडलं."

"बरं. आणि कारखाना?"

"तो बंद झाला."

"म्हणजे तुमच्या गावात बघण्यासारखं होतं पुष्कळ," विहीणबाई म्हणाल्या.

आता सगळी मदार उरली प्रतिध्वनीवर. टेकडीच्या माथ्यावर उभं राहून हाक मारली की समोरच्या डोंगराकडून ती दोनदा परत यायची, अशी पूर्वी ख्याती होती. पुढे समोरचा डोंगर खाणवाल्यांनी अर्धा कापून नेला आणि प्रतिध्वनीही त्याच्याबरोबर गेला. पण लोकांची निराशा काकांना बघवेना. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला, खाली, खाणीचा जुना रखवालदार राहायचा. त्याच्या अंगणातून हाक स्वच्छ वर यायची. काकांनी त्याच्याशी दोस्ती केली. गेली बारा वर्षं गावाचा प्रतिध्वनी तोच होता, आणि तो आपलं काम मन लावून करायचा. लहान मुलाच्या हाकेला तो आवाज बारीक काढून उत्तर द्यायचा.

काकांनी विहीणबाईंना माथ्यावर नेलं, बरोबर खुणेच्या दगडावर उभं केलं आणि हाक दिली, "नमस्काऽर!"

खालून आलं, "नमस्काऽर!" जरा थांबून, हळू आवाजात, "नमस्काऽर!" आणि मग खोकला आला. चांगला दणदणीत, दोन-तीन उबळींचा.

काका पुतळ्यासारखे उभे राहिले. विहीणबाईंनी शांतपणे वही मिटली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि तीस वर्षं टेलिफोनवर कमावलेल्या खणखणीत आवाजात विचारलं, "औषध घेतलं काऽ?"

खालून आवाज आला, "घेतोय! कालपासून जरा बरंऽ आहे!"

"गरम पाणी पीत जाऽ!"

"होऽ ताई!"

काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. विहीणबाई टेकडी उतरायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते, पण त्या पुढे होत्या म्हणून काकांना त्यांचा चेहरा दिसला नाही. त्यांना वाटलं, बाई रागाने थरथरताहेत. संपलं सगळं. बायकोचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. घरी दोन घास सुखाने खाऊन या परत गेल्या असत्या, निदान मुलीच्या वाट्याला सासूची बोलणी तरी आली नसती. गाडी खाली आणताना त्यांनी एकही गोष्ट दाखवली नाही. चौतीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं.

आणि मोठ्या चौकात गाडी पंक्चर झाली.

स्टेपनी सकाळीच आपल्या एका दोस्ताला दिलेली होती. काकांनी चाक काढलं आणि रस्त्याच्या पलीकडे पंक्चरवाल्याकडे घरंगळत नेलं. विहीणबाई गाडीला टेकून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात बसस्टँडच्या बाजूने एक म्हातारे गृहस्थ आले. हातात बॅग, कपाळावर घाम. ते चौकात थांबले, चारी दिशांना बघितलं, कॉलेजातल्या दोन पोरींना काही विचारलं. पोरींनी फोनमध्ये बोटं फिरवून मान हलवली. पानवाल्याने "असं काही इथे नाही" म्हणून हात उडवले. पानवाला नवीनच आला होता. शेवटी म्हातारे विहीणबाईंपाशी आले.

"बाई, डॉक्टरीणबाईंचा दवाखाना कुठे हो? तीस वर्षांनी येतोय. त्याच्या मागच्या गल्लीत माझी बहीण राहते. काहीच ओळखू येत नाही."

काका चाक सोडून धावणार होते. पण विहीणबाईंनी आधीच हात वर केला होता.

"असे सरळ जा. टॉकीज आठवते ना? तिथून डावीकडे वळा. मग बर्फाचा कारखाना लागेल. आता तिथे मोठं काचेचं दुकान आहे, त्याला घाबरू नका, कारखाना तोच. पुढे वाकड्या झाडाशी थांबा. झाड वादळात गेलं, पण जागा मोकळी आहे, कळेल तुम्हाला. समोर चष्म्याचं दुकान दिसेल, तोच दवाखाना."

म्हाताऱ्यांचा चेहरा बघता बघता उजळला. "वाकडं झाड गेलं?" असं त्यांनी घरचं कोणी गेल्यासारखं विचारलं. "गेलं हो," विहीणबाई तशाच स्वरात म्हणाल्या.

"बरं झालं इथलं माणूस भेटलं. तुम्ही इथल्याच ना?"

विहीणबाईंनी उत्तर द्यायला एवढासा वेळ घेतला. "हो," त्या म्हणाल्या.

म्हातारे झपाझप चालू लागले. टॉकीजच्या जागेशी ते अचूक डावीकडे वळले. ते दिसेनासे होईपर्यंत विहीणबाई टाचा उंचावून बघत होत्या.

चाक बसवून काका गाडीत आले, पण त्यांना बोलायचं धाडस होईना. गाडी त्यांनी सुरू केली नाही. मागून विहीणबाईच बोलू लागल्या.

"भाऊ, एकतीस देश हिंडले मी. सगळीकडे टूरवाल्याच्या झेंड्याच्या मागे. झेंडा उजवीकडे की आपण उजवीकडे. त्याआधी नोकरीत तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले. ते जोडले गेले की मी बाजूला. शहरात आमच्या बिल्डिंगमध्ये नव्वद घरं आहेत, पण तिथेसुद्धा आजवर मला कोणी रस्ता विचारला नाही." त्या थांबल्या. "आणि मी बरोबर सांगितला ना हो? चुकले तर नाही?"

"एक शब्द चुकला नाही, ताई."

"ते पोचतील?"

"आतापर्यंत पोचलेसुद्धा."

काकांनी आरशात पाहिलं. विहीणबाई खिडकीबाहेरच्या चौकाकडे बघत होत्या, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे त्यांचं अजिबात लक्ष नव्हतं.

"मुलांसाठी बघितलेलं ते घर कितव्या मजल्यावर आहे?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या."

"तिसरा नको. माझे गुडघे दुखतात. पहिला बघा. आणि खिडकी रस्त्यावर उघडणारी हवी. येणारीजाणारी माणसं दिसली पाहिजेत, म्हणजे कोणाला काही विचारायचं असलं तर विचारता येईल."

काकांचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. मुलगी येणार होती. रोज संध्याकाळी डोळ्यांसमोर दिसणार होती. एरवी याच क्षणी त्यांनी त्या पहिल्या मजल्यावरच्या, अजून न पाहिलेल्या घराला चार खिडक्या, गच्ची आणि एखादा इतिहास जोडून दिला असता.

"असं घर आहे की नाही, ठाऊक नाही मला, ताई," ते म्हणाले. "पण मिळेपर्यंत मी घरी जेवायला बसणार नाही."

"छे, आधी जेवू," विहीणबाई म्हणाल्या. "मग मीही येते बघायला."