चिमणी मोठी कर

मी नांदेडला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. तुमचं मासिक आमच्याकडे येतं, आणि वाचकांच्या अनुभवांच्या या सदराचं पान बहुतेक वेळा कुणीतरी फाडून नेलेलं असतं. मी ते कधी फाडलं नाही, पण सापडलं तेव्हा वाचलं, आणि वाचून हसलेही. ज्यांना काही दिसतं त्यांना मी मनातल्या मनात विचारायची — झोप किती झाली होती? जेवला होतात का? आता माझ्यावर लिहायची वेळ आली आहे. दुपारची वेळ होती, झोप झालेली होती, जेवणही झालं होतं. आणि अशा गोष्टींवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही.

माझा दादा लातूरला एका खासगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. प्रकाश हा त्याचा आवडता धडा, आणि मुलं त्याला 'अंधारे सर' म्हणायची. आमचं आडनाव अंधारे नाही. प्रकाशाचे प्रयोग दाखवताना तो वर्गातल्या सगळ्या ट्यूब बंद करायचा, खिडकीच्या फटीत पुठ्ठा खोचायचा, म्हणून हे नाव पडलं. त्याला ते माहीत होतं, आणि आवडतही होतं.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. हृदयविकार. चाळिशी नुकतीच ओलांडली होती. याच्यापुढे त्याच्या जाण्याबद्दल मला अजून लिहिता येत नाही... म्हणून गेमबद्दल लिहिते.

क्लासमधून आला की तो कॉम्प्युटरवर एक परदेशी गेम लावून बसायचा. तलवारी, जादूगार, ड्रॅगन, डोंगरातल्या गुहा. खेळायचा असं म्हणता येणार नाही. तो त्या गेममधला अंधार दुरुस्त करायचा. एकदा मला फोनवर म्हणाला, "चिमे, बघ की. बंद गुहा हाय, हातात मशाल न्हाई, तरी सगळं निळं निळं दिसायलंय. हा उजेड कुठून यायलाय? उजेडाला माय-बाप पाहिजे का नको?"

"गेम आहे दादा. काही दिसलंच नाही तर लोक खेळतील कसे?"

"मशाल लावतील की. आपण काय करायचो?"

अशा गेममध्ये हौशी लोक आपापले बदल करून घालतात, त्याला मॉड म्हणतात. दादाच्या मॉडमध्ये माय-बाप नसलेला एकही उजेड शिल्लक नव्हता. रात्र म्हणजे रात्र. मशाल काही वेळ जळायची आणि संपायची. ते मॉड त्यानं इंटरनेटवर ठेवलं तेव्हा कुठल्या तरी देशातल्या माणसानं रागानं लिहिलं, मला माझाच हात दिसत नाही. दादानं उत्तर दिलं — धन्यवाद.

त्याचं हे वेड कुठून आलं ते मला ठाऊक होतं. आमचं गाव भूकंपात गेलं. दगडमातीचं घर, वर मातीचं जड माळवद. वडील आधीच वारलेले. मी वर्षाची, दादा नऊचा. पहाटे माळवद खाली आलं तेव्हा आम्ही दोघं एका तुळईच्या आडोशाला राहिलो, आई राहिली नाही. आम्हाला काढलं तेव्हा बाहेर ऊन वर आलेलं होतं, पण आत दादाला ते कळलंच नव्हतं. तो म्हणायचा, "खरा अंधार काळा नसतो चिमे. त्याच्यात डोळे आपलं आपलं काही बी दाखवत राहत्यात." हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढे जे सांगणार आहे त्यावर कुणी हेच म्हणेल, आणि मीही म्हणून पाहिलं आहे.

घराबरोबर आईचा एकुलता एक फोटो गेला. मला आईचा चेहरा माहीत नाही. बिलोलीच्या मामानं आम्हाला वाढवलं, त्याला विचारलं तर म्हणायचा, "अक्का अक्कासारखीच होती, आन् काय." चेहरा खरा एकट्या दादापाशी होता.

आता एक शब्द सांगायला हवा. मामाकडे लाइट रोजच जायची. भिंतीतल्या दिवळीत रॉकेलची चिमणी असायची, आणि निजायच्या वेळी मामी म्हणायची, "चिमणी मोठी कर." म्हणजे विझव. विझव हा शब्द दिव्याला लावायचा नाही. बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणायचं, तसा दिवा 'मोठा' करायचा. माझंही घरातलं नाव चिमणीच, त्यामुळे रोज रात्री हसायला एक कारण असे. आईचं दादाशी शेवटचं बोलणं हेच होतं — "चिमणी मोठी कर आन् नीज." दादा म्हणायचा, "मी दोन्ही मोठ्या केल्या. एक फुंकर मारून, एक फी भरून."

शेवटच्या वर्षा-दोन वर्षांत त्यानं त्या गेममध्ये आमचं घर बांधायला घेतलं. एका डोंगराच्या कपारीत, आडबाजूला. "तिथं ड्रॅगन बी फिरकत न्हाई," म्हणाला. उंबरा, चूल, मडक्यांची उतरंड, सगळं. जाण्याच्या थोडंच आधी फोन आला, "घर झालं. दिवळी बी झाली. चिमणी तेवढी ठिवायची हाय."

"मग ठेव की."

"जमंना झालंय. इतके दिवस उजेड काढायलो, आता एक घालायचा तर हात चालंना."

"आणि आई? तिला दाखवणार आहेस ना?"

"चेहरा करायला मला येत न्हाई गं. उजेड जमला की सावली जमल. सावली बघितली की चेहरा आठवल, मग तुला सांगतो."

आठवेल, म्हणाला. म्हणजे त्यालाही तो आठवेनासा झाला होता.

मे महिन्यात मी लातूरला वहिनीकडे गेले. वहिनी लातूरच्याच, माहेर दालमिलच्या शेजारी, म्हणून आवाज मोठा. घरात पहिल्यापासून लाइट, बल्ब, ट्यूब. जेवणं झाल्यावर म्हणाल्या, "ताई, तो कॉम्प्युटरचा डबा कुणाला तरी देऊन टाकावा म्हणते. त्याच्या आधी एकदा बघून घ्या माझ्या सवतीला." आणि भांडी घासायला आत गेल्या.

दादाच्या खोलीच्या खिडकीवर त्यानं ठोकलेली जाड गोधडी तशीच होती. मी दार लोटलं, गेम लावला. दादा जिथं थांबला होता तिथूनच तो सुरू झाला — आमच्या घराच्या दारात. हातात मशाल होती. मला चालायचं कसं आणि मशालीचं बटण कुठलं एवढंच त्यानं शिकवलं होतं. "एल दाबलं की मशाल मोठी हुती." "म्हणजे?" "म्हणजे विझती. मामीला विसरलीस का?"

मी आत गेले. लहान घर. शेणानं सारवलेली जमीन, बोटांचे फराटे दिसत होते. चुलीच्या वर दिवळी, रिकामी. मी ते सगळं पाहत उभी राहिले आणि मशाल संपली.

असा अंधार मी पाहिला नव्हता. स्क्रीन कुठं संपते आणि खोली कुठं सुरू होते ते कळेना. आतून भांड्यांचा आवाज येत होता, म्हणून भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं... दादा इथंच बसत असणार, असं मनात आलं. थोडं रडले.

मग उजेड आला. आधी वाटलं डोळ्यांत पाणी आहे म्हणून. पिवळसर, बारीक, वर-खाली होणारा, वारा नसलेल्या घरात चिमणीची वात हलते तसा. तो दिवळीतून येत होता आणि दिवळी रिकामी होती, हे मी नीट पाहिलं. समोरच्या भिंतीवर सावली पडली होती. बसलेली बाई. गुडघे उभे, डोक्यावरून पदर, मांडीशी काहीतरी लहानसं. बाई कुठेच नव्हती. भिंतीवर नुसती तिची सावली होती.

तिनं हात उचलला. दिवळीच्या दिशेनं. आणि डोकं हळूहळू वळायला लागलं. नाक, हनुवटी... कडा स्पष्ट होत चालल्या होत्या. आणखी जरा वळलं असतं तर पुरती बाजू दिसली असती.

मागं दार उघडल्याचं मला कळलं नाही. वहिनी ओल्या हातानं उभ्या होत्या. "अगं बाई... कोण हाय वो ते?" आणि मग त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, "मोठी करा की ताई! मोठी करा ती बत्ती!"

मी एल दाबलं.

सगळं गेलं. वहिनींनी भिंतीवरचं बटण दाबलं, ट्यूब लागली, स्क्रीनवर माझाच चेहरा दिसायला लागला.

"घालवलं का वो तुम्ही?" वहिनी म्हणाल्या. "दिसंना झालतं म्हणून मी मोठी करा म्हणलं."

मी त्यांना आमच्याकडचा शब्द सांगितला. मामी, चिमणी, सगळं. त्या आधी हसल्या, "तुमच्या घरची भाषा बी उलटी बाई." मग खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मी पुन्हा ट्यूब बंद केली, पुन्हा आत गेले, पुन्हा मशाल संपू दिली. नुसता अंधार. संध्याकाळपर्यंत तेच करत राहिलो.

पुढच्या आठवड्यात दादाचे क्लासमधले एक सहकारी आले. त्यांनी ते मॉड उघडून त्यात काय काय ठेवलं आहे ते तपासलं. त्या घरात दिवा नाही, बाई नाही, मूल नाही. मला उद्देशून म्हणाले, "मॅडम, आणि एल दाबून फक्त हातातली मशाल विझते. तुमच्या हातात तर काहीच नव्हतं." मी मान हलवली. ते सभ्य गृहस्थ आहेत, त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

डोळे आपलं आपलं काहीही दाखवतात, हे मला मान्य आहे. पण वहिनी उजेडातून आल्या होत्या, दारात उभ्या होत्या, आणि पदर, उभे गुडघे हे त्या संध्याकाळी त्यांनी माझ्याआधी सांगितलं.

ज्यासाठी लिहायला बसले ते आता. वहिनींना मी सांगितलं, शब्दाची चूक झाली. त्यांनी ते लगेच मानलं, आणि आता येणाऱ्या-जाणाऱ्याला गंमत म्हणून सांगतात. पण मला नक्की ठाऊक नाही की मी शब्द ऐकून बटण दाबलं. ते डोकं वळताना मला भीती वाटली होती. जिचा चेहरा पाहायला आयुष्यभर तरसले, त्या माझ्या आईची. बोट आधीच बटणावर होतं. वहिनींचा शब्द आला नसता तरी मी ते दाबलं असतं का, हे मी स्वतःला विचारते, आणि उत्तर येण्याआधी पुस्तकं लावायला उठते.

कधी वाटतं, सावलीचा हात दिवळीकडे चालला होता. म्हणजे तीच चिमणी मोठी करत असेल, निजायची वेळ झाली म्हणून, आणि माझ्या बटणाचा त्याच्याशी काही संबंधच नसेल. तसं असेल तर मी सुटते. सुटते, म्हणूनच ते मानून घ्यायला मन धजत नाही.

वहिनींनी कॉम्प्युटर कुणाला दिला नाही. मी लातूरला गेले की त्या भांडी तशीच ठेवतात, माझ्या शेजारी येऊन बसतात, आणि मशाल संपली की एक शब्द बोलत नाहीत. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसते.