निडीच्या रस्त्यावरचा गवताचा भारा

देवावर माझा राग नव्हता, पण भरवसाही फारसा उरला नव्हता. पेणला रामवाडीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. एका सकाळी सदऱ्याला काजं करता करता उजव्या हातातली सुई गळून पडली आणि मला ती उचलता येईना. दवाखाना झाला, औषधं झाली, आणि पुढे कित्येक महिने मी रबरी चेंडू दाबत घरात बसून राहिलो. शिंप्याचा हातच गेला तर त्याच्यापाशी उरतं काय? शेजारीपाजारी येऊन म्हणायचे, नाव घ्या देवाचं. मी घ्यायचोही, पण ओठांनीच. मन आपलं बंद दुकानाच्या कुलपापाशी जाऊन बसलेलं असायचं.

हळूहळू बोटांत जीव आला. कात्री धरता येऊ लागली, मग सुईही. ज्या दिवशी मी पहिल्यांदा पुन्हा मशीनवर बसलो, त्या दिवशी आमच्या हिनं सांगितलं की तिनं रोह्याच्या धावीर महाराजांना नवस बोललाय: हात चालू लागला की दोघं पायी दर्शनाला येऊ. मला मनातून हसू आलं. हात बरा केला तो डॉक्टरांनी आणि त्या रबरी चेंडूनं, असंच मी धरून चाललो होतो. लेकीनं सुचवून पाहिलं की पेणला गाडीत बसा आणि रोह्याला उतरा, देव काही रागावणार नाही. त्यावर ही म्हणाली, नवस पायी बोललेय, तो बसून फिटायचा नाय. मी तिच्यासोबत निघालो ते देवासाठी नाही, तिला एकटीला रस्त्यावर सोडवेना म्हणून.

दसऱ्याच्या दिवशी निघालो; दुसऱ्या दिवशी रोह्यात महाराजांची पालखी निघते. हायवेवर चालताना मला पहिल्यांदा कळलं की पायी माणूस आता रस्त्यावर कुणाच्या हिशोबातच नसतो. गाड्या अंगाला वारा लावून जायच्या. डाव्या कडेनं, गाड्यांकडे पाठ करून आम्ही चाललो होतो, कारण तसंच चालायचं असतं असं वाटे. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या काचेतून दिसायचं, कितीतरी जणांची मान खाली झुकलेली. एक हात चाकावर, दुसऱ्यात मोबाइल. ही नामस्मरण करत होती आणि मी मागून येणारे आवाज मोजत होतो. नागोठण्याला तिच्या मावसबहिणीकडे रात्र काढली. सकाळी पुन्हा वाटेला लागलो.

निडी गाव जवळ आलं तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलेलं, काही ठिकाणी कापणी सुरू झालेली. मला पालखी देवळात परतायच्या आत रोहा गाठायचं होतं, म्हणून मी भरभर चाललो होतो. एका वळणाअलीकडे, रस्त्यापासून जरा खाली, झाडाच्या सावलीत वाडीवरची एक कातकरी बाई उभी होती. तिच्यापुढं गवताचा भारा. तिनं हिला हाक मारली, "ये गो बाय, भारा उचलू लाग जरा."

ही लगेच उतरली. मी वरच थांबलो. खरं सांगायचं तर मला ते आवडलं नव्हतं. एरवी ती बाई आपला भारा आपणच नेत असेल ना? हिनं एका बाजूनं हात घातला, भारा जरा उचलला गेला आणि पुन्हा खाली बसला. मग त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं.

"अवो, या ना. आमच्या दोघींच्यानं व्हत नाय."

नारळ, अबीर, उदबत्त्या असलेली कापडी पिशवी मी रस्त्याच्या कडेला ठेवली आणि पुटपुटत खाली उतरलो. भाऱ्याला हात लावला असेन नसेन, पाठीमागे चाकं खडीवरून घसरल्याचा आवाज आला. वळून पाहतो तो एक पांढरी गाडी, जिथं मी उभा होतो तिथूनच, तिरपी होऊन गेली आणि पुढच्या शेताच्या बांधावर जाऊन टेकली. पिशवीवरून चाक गेलं होतं. नारळ फुटून पाणी डांबरावर सांडलं होतं. हिनं माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.

शेतातली माणसं धावत आली. गाडीतून उतरला तो तिशीतला एक पोरगेला माणूस, कंपनीचा गणवेश घातलेला, शिफ्टला निघालेला. लागलं कुठंच नव्हतं त्याला. कुणीतरी त्याची कॉलर धरली. गाडीत त्याचा मोबाइल अजून वाजत होता. तो माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "काका, एकदाच खाली बघितलं हो." मला संताप यायला हवा होता. पण त्याचा पडलेला चेहरा पाहून तो आलाच नाही. हिनं पुढं होऊन त्याची कॉलर सोडवली, त्याला सावलीत बसवलं आणि आमच्या बाटलीतलं पाणी दिलं. नंतर ती फुटलेल्या नारळाकडे गेली, खोबऱ्याचे तुकडे गोळा केले, कपाळाला लावले आणि म्हणाली, "पोचला म्हणायचा देवाला."

ट्रॅक्टर येऊन गाडी काढेपर्यंत वेळ होता. तो माणूस म्हणाला, मी रोह्यापर्यंत तुमच्यासोबत चालतो, आज मला चाक धरवणार नाही. वाटेत त्यानं सांगितलं, घरी सहा महिन्यांची मुलगी आहे, बायकोनं तिचा फोटो पाठवला होता, तोच बघत होता. गाडी चालवताना आपण चालणारी माणसं बघतच नाही, झाडं बघावीत तशी बघतो, असंही म्हणाला. आम्हाला त्यानं उजव्या कडेनं चालवलं, गाड्या समोरून दिसतील अशा बेतानं, आणि स्वतः रस्त्याच्या बाजूनं चालला. पालखी आम्हाला मिळाली. गर्दीत ही हात जोडून उभी होती, तो डोळे पुसत होता, आणि मी पहिल्यांदा ओठांखेरीज आतूनही नाव घेतलं.

पुढच्या वर्षी नवस नव्हता, तरी आम्ही पुन्हा पायी गेलो. निडीला ती बाई भेटली. नाव जानकी. तिच्यासाठी मी स्वतःच्या हातानं शिवलेलं पोलकं नेलं होतं. सावलीत बसून भाकरी खाता खाता मी तिला विचारलं की त्या दिवशी भारा इतका जड कसा झाला होता. ती हसली.

"जड कुठचा, बाबा. रोज एकटीच उचलते मी. तुझी बाय लंगडत व्हती. तू पुढं पुढं चाललेला. ती सांगायची नाय तुला, मी बघितली ना. भारा मीच धरून ठेवलेला खालनं, तुमी दोघं जरा थांबावं म्हनून."

मी हिच्याकडे पाहिलं. ही भाकरीचा तुकडा मोडत होती. गेल्या वर्षी टाचेला फोड आला होता, हे तिनं मला घरी पोचल्यावरच सांगितलं होतं.

त्या दिवशी वाचलो त्याला काय म्हणावं, हे मी अजून ठरवलेलं नाही. कुणी म्हणतं धावीर महाराजांनी राखलं, कुणी म्हणतं नशीब. मला एवढं ठाऊक आहे की रस्त्यानं जाणाऱ्या एका अनोळखी बाईच्या पायाकडे जानकीची नजर गेली, आणि त्या नजरेमुळे मी आज सुई ओवतोय. देवाला शरण जायचं म्हणजे काय ते मला आधी कधी उमगलं नव्हतं. आता वाटेत कुणी हाक मारली की मी थांबतो, घाई असली तरी. तो तरुण दरवर्षी दसऱ्याला लेकीला घेऊन दुकानात येतो. मी तिच्या मापाचं परकर-पोलकं शिवून देतो. दरवेळी माप थोडं वाढलेलं असतं, आणि ते वाढलेलं माप घेताना माझा हात स्थिर असतो, याबद्दल मी मनातल्या मनात हात जोडतो.