अदलाबदल झालेले दोन सेन्सर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुला सांगतोय — का, ते मलाही माहीत नाही.

परळला गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये दोन ट्रान्सफॉर्मर बसवले होते. ते फार तापले की आपोआप बंद पडावेत म्हणून प्रत्येकाला एक सेन्सर. चालू करण्याआधी ते तपासायचं काम माझं. काम ते काय? एक-एक सेन्सर बाहेर काढायचा, थर्मासमधल्या गरम पाण्यात बुडवायचा, आणि पॅनेलच्या स्क्रीनवर त्याच नंबरचा आकडा चढतोय ना, बघायचं. अर्ध्या तासाचं काम.

मी नाही केलं. स्क्रीनवर दोन्हीकडे एकतीस दिसत होतं. अरे, थंड असताना दोन्ही सारखंच दाखवणार ना! पण मी मोठा शहाणा — कागदावर ‘तपासले, ठीक’ लिहिलं आणि सही ठोकली. घाई होती का? छे. कंटाळा आला होता, दुसरं काय.

वायरी उलट्या जोडलेल्या होत्या. एकाची दोनला, दोनची एकाला.

तिथे तांबेकाका ऑपरेटर होते. घोडपदेवचे, भयंकर नेमाचे माणूस. चहा प्यायला गेले तरी रजिस्टरात वेळ लिहून जायचे. मे महिन्यातल्या एका दुपारी एक नंबर तापला आणि बंद पडला दोन नंबर, चांगला होता तो. सगळा भार तापलेल्यावर आला. काकांना जळका वास आला, हाताने बंद करायला धावले, तेवढ्यात ट्रान्सफॉर्मरमधलं तेल उसळलं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

आता ऐक — खरं पाप पुढेच आहे.

चौकशीची माणसं यायच्या आधी मी पोचलो. पॅनेल उघडलं, चूक दिसली, आणि — वायरी सरळ करून टाकल्या. दोन मिनिटं लागली. मग त्यांच्यासमोर थर्मास उघडून दोन्ही सेन्सर तापवून दाखवले. एकदम बरोबर. काका बँडेज बांधलेल्या हाताने सांगत होते, “आईशप्पथ, स्क्रीनवर दोन नंबरच गरम दाखवत होता!” सगळे माझ्याकडे बघत होते. मी थर्मासचं झाकण लावत राहिलो.

काकांना काढलं. आकडा चुकीचा वाचून चांगला ट्रान्सफॉर्मर त्यांनीच हाताने बंद केला, असा ठपका ठेवून.

गेल्या महिन्यात चिंचपोकळी स्टेशनबाहेर भेटले. पिशवी डाव्या हातात. लाज वाटून मी वळणार होतो, पण त्यांनीच हाक मारली. इकडचं तिकडचं बोलले, मग हळूच विचारलं, “साहेब, तुम्ही जाणकार. मी खरंच उलटं वाचलं होतं का हो? घरात आता मला कोणी लाइटचं बिलसुद्धा वाचायला देत नाही.”

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? तोंड होतं मला.

मी म्हणालो, “वय झालं काका, होतं असं.”

त्यांनी मान डोलावली. म्हणाले, “तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार.”