खाटेखालची फरशी

"पयले मांगून पाहा जी मास्तर, मंग समोरून."

टाईलचा तुकडा हातात आला की ती आधी तो उलटा करायची. फुंकर मारायची, पदरानं पुसायची, मागच्या रेघांवरून अंगठा फिरवायची. मागून गुळगुळीत असलेला तुकडा सिमेंट धरत नाही, असं तिचं म्हणणं. रंगबिंग नंतर. आणि मी, तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला शहाणा, रंगाशिवाय दुसरं काही पाहायला तयार नव्हतो.

आमच्या हुडकेश्वरच्या लेआउटमधली, म्हणजे वसाहतीतली, ही गोष्ट. समाजभवनाच्या लांब भिंतीशी लोक कचरा टाकायचे, आणखीही काय काय करायचे, ते इथं लिहीत नाही. शेवटी ठरलं की या भिंतीवर फुटक्या टाईल्सचं चित्र करायचं. तुम्ही पाहिलंच असेल, घर बांधलेल्या प्रत्येकाच्या जिन्याखाली उरलेल्या टाईल्सचं एक खोकं वर्षानुवर्षं पडून असतं. ती खोकी बाहेर निघाली आणि चित्र काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगतो, निवृत्त झाल्यापासून मी कागदावर रेघ ओढली नव्हती. सुचतच नव्हतं. तरी ऐटीत तळं, कमळं, बगळे आणि वर निळंशार आकाश असं काहीतरी काढलं, रंगांना नंबर दिले आणि मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी ती आली. पासष्टीची, काटकुळी, डोक्यावर तुकड्यांचं पोतं. आयुष्यभर बांधकामांवर रेजा म्हणून घमेली वाहिलेली बाई. सगळे तिला मावशी म्हणायचे, मीही म्हणू लागलो.

पोत्यातून एकेक तुकडा काढून ती त्याचं ठिकाण सांगायची. "हे धंतोलीच्या डाक्टरच्या न्हाणीतलं. हे वाडीच्या गोदामाच्या हापिसातलं. अन् हे मनीषनगरचं, तवा मायी पोरगी पोटात होती." जिथं जिथं राबली, तिथून एक फुटका तुकडा तिनं घरी आणला होता. मी हो हो म्हणत लाल-पिवळे तेवढे निवडले, मग बाकीचेही घेतले. पोतं कशासाठी जमवलं होतं, एवढं विचारायची अक्कल मला नव्हती.

निळा रंग अर्ध्यातच संपला. बाथरूमच्या पांढऱ्या टाईल्सचा मात्र ढीग पडलेला. आता काम बंद, असं मी वैतागून सांगितलं.

"आभाळ निळंच काहून पाह्यजे जी?" मावशी म्हणाली.

"मग कसं असतं?"

"मे महिन्यात पाहा ना वरतं. पांढरं फट्ट! डोयात खुपते."

"तुम्ही कधी बघितलंत?" मी जरा खवचटपणेच विचारलं.

"डोक्यावर घमेलं असलं का वरतं पाहता येत नाही, मास्तर. जेवणाच्या सुट्टीत उताणी पडली का दिसे. तेवढंच मायं आभाळ."

पांढरं, दुधी, पिवळट, मधेच राखाडी असं करत तिनं चार दिवसांत आकाश भरलं. माझ्या नंबरांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. भर दुपारी त्या भिंतीसमोर उभा राहिलो आणि डोळे खरंच दिपले. इतकी वर्षं मी पोरांकडून आकाशाला निळा रंग फासून घेत होतो! त्या दिवशी घरी जाऊन जुनी वही शोधली आणि दिवेलागणीपर्यंत रेखाटत बसलो. बायको दारातून डोकावून गेली.

भिंत पुरी होत आली आणि मावशी यायची थांबली. म्हणून आठवड्यानं तिच्या घरी गेलो. दार तिच्या मुलीनं उघडलं. आत खडबडीत कोबा, आणि उंबऱ्यालगत तेवढी टाईलच्या तुकड्यांची वीतभर पट्टी.

"हे अर्धवट का राहिलं?" मी सहज विचारलं.

पोरगी भडकलीच. "तुम्ही विचारता, सर? या घरात फरशी करायची म्हणून आई माझ्या जन्माच्या आधीपासून तुकडे जमवून राहिली होती. सारं पोतं तुमच्या भिंतीत गेलं!"

थोबाडीत बसल्यासारखं झालं. मावशी खाटेवर पडून होती. हृदय थकलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"का दिलंत, मावशी?"

"हितं कोन पाह्यते जी? मी अन् हे पोरगी. भिंतीपासून तं सारा लेआउट जाते. मायं काम एकदा उभं दिसलं पाह्यजे ना."

"ते तुकडे मी काढून आणतो."

ती ताडकन उठून बसली. "बसवलेलं उपटत नसते, मास्तर!"

मी समाजभवनात जाऊन सगळ्यांसमोर माझा मूर्खपणा सांगितला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या दारात खोकीच खोकी. या वेळी मी चित्र काढलं नाही. ती खाटेवरून सांगायची, आम्ही गुडघ्यांवर बसून लावायचो. एका वहिनींनी फुटक्या कपबशा आणल्या, तर मावशी म्हणाली, "कप नको वं बाई, पाय कापते." मुलगी चहा ठेवून निघून जायची. माझ्याशी ती एक शब्दही बोलली नाही, आणि तिचं काही चुकतही नव्हतं.

उंबऱ्यापासून सुरू केलेलं काम खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचलं. राहिली फक्त खाटेखालची जागा. मी म्हटलं, "मावशी, खाट जरा अंगणात घेऊ या."

"आज नको जी. अंगात त्राण नाही. मी उठली का करजा."

ती उठली नाही.

त्या सकाळी खाट बाहेर काढली आणि पांढऱ्या वस्त्रात तिला त्याच फरशीवर निजवलं. सगळ्यांच्या घरचे तुकडे तिच्या अंगाखाली होते. बुद्धवंदना झाली, तिला नेलं, खोली रिकामी झाली. मधे खाटेएवढा उघडा कोबा. मी त्याच्याकडे पाहून लहान पोरासारखा रडलो. एवढं एक काम तिच्या डोळ्यांदेखत पुरं करायला हवं होतं, आणि ती यायची थांबली तो अख्खा आठवडा मी भिंतीवरच्या बगळ्यांच्या माना नीट करण्यात घालवला होता.

पंधरा-वीस दिवसांनी तिची मुलगी माझ्या दारात आली. आपणहून, पहिल्यांदाच.

"सर, तेवढं भरून द्या. पांढऱ्या टाईल्सच आणा, भिंतीवरच्या आभाळातल्या."

पांढरे तुकडे घेऊन गेलो. सिमेंट कालवलं, कोब्याजवळ बसलो. थोडा वेळ ती उभी राहून पाहत होती. मग शेजारी बसली आणि एक तुकडा उचलला.

"हे कसं बसवायचं?"

"पयले मांगून पाहा," मी म्हणालो.

तिनं तुकडा उलटा केला. ओढणीनं पुसला, आणि मागच्या रेघांवरून अंगठा फिरवला.