तांब्याभर पाणी

शिक्षा कशासाठी द्यायची, याचं उत्तर मला कॉलेजात तोंडपाठ होतं: धाक बसावा, माणूस सुधारावा, केल्याचं फळ मिळावं. पुढं वकिली सुरू केली आणि एका मेंढपाळानं माझी सगळी हुशारी पाण्यात घातली.

चितेगावला कारखान्याचं कुंपण उभं राहिलं आणि त्याच्या मेंढरांची वाट बंद झाली. भांडणात त्यानं तिथल्या वॉचमनच्या हातावर काठी घातली. हाड मोडलं.

मी बजावलं होतं, "गुन्हा कबूल नाही, एवढंच म्हणायचं." पण या गड्यानं न्यायाधीशांकडं पाठ केली आणि वॉचमनला हात जोडले. "व्हय, म्याच मारलं. चुकलं माझं. आता पाणी दे."

त्याच्या लोकांत पंचांसमोर असंच मिटायचं. चूक कबूल करायची, ज्याला दुखावलं त्याच्या हातचं पाणी प्यायचं, की विषय संपला. पुन्हा कुणी नाव काढायचं नाही. कोर्टात पाणी मिळालं नाही, सहा महिने मिळाले. मी कपाळावर हात मारला.

सुटून आल्यावर तो माझ्या दारात उभा. "संपली की शिक्षा," मी म्हणालो.

"कुठं संपली, साहेब? त्यानं पाणी दिलं नाय. पंच पंगतीला बसू देईनात."

मला चीडच आली, पण त्याला घेऊन वॉचमनच्या खोलीवर गेलो. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलींचे दिवस, नाक्यानाक्यावर पोलीस. वॉचमनचा हात वाकडाच जुळला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"गावात माझं घर जाळलं," तो म्हणाला. "कुणाला शिक्षा झाली नाय. माफी मागायला आलेला तू पयलाच."

तो तांब्या भरून घेऊन आला. तोवर मेंढपाळाचं लक्ष भिंतीवरच्या निळ्या झेंड्याकडं गेलं होतं. त्यानं तांब्या घेतला नाही, खाली वाकून ओंजळ पुढं केली.

"वरून नाय ओतणार," वॉचमन म्हणाला. "तोंड लावून पी. आन कुणाच्या घरचं पिलास, ते पंचांना सांग."

ओंजळ तशीच राहिली. मेंढपाळानं माझ्याकडं पाहिलं. "साहेब, घर सांगायलाच पायजे का?"

मला लाज वाटली, त्याची आणि माझीही. कायद्याचं एकही कलम आठवेना.

वॉचमननं भरलेला तांब्या आत नेऊन ठेवला.