नऊ नंबरचे बूट

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर सांडेल. आणि हसायचं असेल तर अगदी मोकळेपणाने हसा, कारण या किश्श्यात मूर्ख एकच आहे आणि तो तुमच्यासमोर बसलाय.

दोन हजार सतरा सालची गोष्ट. मी गंजाडकडच्या एका शाळेत मराठी शिकवायचो. क्रीडाशिक्षकांची बदली झाली आणि मुख्याध्यापकांनी त्यांची शिट्टी माझ्या गळ्यात अडकवली. का? तर म्हणे, "तुमचा आवाज मोठा आहे!" आवाज मोठा असला की खेळातलं कळतं, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय हो?

पण आमचा मुलींचा खो-खोचा संघ, काय सांगू! बारा पोरी, कुणाचे आईबाप शेतकरी, कुणाचे मजुरीवर जाणारे. पळायला लागल्या की पाय दिसायचे नाहीत, नुसती धूळ दिसायची. आणि त्या पायांत बूट? एकीच्याही नाहीत.

तेवढ्यात तालुक्याच्या ऑफिसातून पत्र आलं. खेळासाठी अनुदान मंजूर झालंय, गरजू विद्यार्थ्यांना मोफत बूट मिळणार, ताबडतोब मापं पाठवा.

मग काय, माझ्या अंगात वारं शिरलं! पोरींना व्हरांड्यात कागदावर उभं केलं. पेन्सिलीने पाय आखले. गुदगुल्यांनी सगळ्या खिदळतायत आणि मी लाकडी फुटपट्टी घेऊन टाचेपासून अंगठ्यापर्यंत इंच मोजतोय. कुणाचा पाय आठ इंच, कुणाचा नऊ. फॉर्ममध्ये रकाना होता 'बूट नंबर'. तिथे मी वळणदार अक्षरात लिहीत गेलो... आठ, नऊ, नऊ, आठ.

आमची कप्तान संगीता शेजारी उभी होती. वाकून बघत म्हणाली, "सर, माझा दादा कंपनीत जातो ना, त्याचा बूट सात नंबरचा हाय. मंग माझा नऊ कसा?"

बघा! देवाने संधी दिली होती. पण मास्तर कधी पोरीचं ऐकतो का?

"संगीता," मी घसा खाकरून म्हणालो, "बाजाराचं माप वेगळं, सरकारचं माप वेगळं!"

फॉर्म गेला.

दोन महिन्यांनी खोके आले. मी गावभर सांगून ठेवलं होतं. आईबाप जमले, नारळ फुटला, मी भाषण ठोकलं. "आजपासून आपल्या मुली बुटांत धावतील!" टाळ्या! संगीताने पहिला खोका उघडला, भगवे चकचकीत बूट काढले, पाय घातला. मग त्याच बुटात दुसराही पाय घातला. दोन्ही मावले!

मागून कुणाची तरी आजी म्हणाली, "आजून वाढल ना पोर!"

तरी मी हटलो नाही. म्हटलं, कापडाचे बोळे कोंबा. कोंबले. सराव सुरू केला. खो मिळाला, पोरगी बाणासारखी सुटली आणि बूट चौकोनातच बसून राहिला, जणू त्याची पाळी अजून यायचीय!

शेवटी एक जोड पिशवीत घालून डहाणू रोडला गेलो. दुकानदार काका गुजराती. बूट उलटासुलटा करून म्हणाले, "मास्तर, आ तो मोटा माणसना बूट छे! छोकरीला कशाला?"

मी फुटपट्टीची हकीकत सांगितली. काका हसता हसता गल्ल्यावर आडवे झाले. मग डोळे पुसून म्हणाले, "अरे, इंच वेगळा, नंबर वेगळा! नऊ इंचाचा पाय, तर बूट चार नंबर!" आणि आतल्या पोऱ्यांना हाक मारून सगळी गोष्ट पुन्हा सांगितली. माझ्यासमोर!

परतताना कळलं, मी काय करून बसलो. पोरींना जन्मात पहिल्यांदा बूट मिळणार होते आणि ते मी माझ्या शहाणपणात घालवले होते. दुसऱ्या दिवशी संगीतासमोर सरळ कबूल केलं, "तुझं बरोबर होतं गं. मी चुकलो."

ती म्हणाली, "जाऊ द्या सर. बाबांना बरोब्बर बसले."

या वाक्याचा अर्थ मला स्पर्धेच्या दिवशी तलासरीला कळला. मैदानात आमच्या बारा पोरी अनवाणी आणि कडेला रांगेत त्यांचे बारा बाप, प्रत्येकाच्या पायात भगवे चकचकीत बूट! पोरी आकाशपाताळ एक करून खेळल्या. अंतिम सामना एका गुणाने हरलो, पण अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

नेमक्या तालुक्याच्या ऑफिसातल्या बूटवाटपाच्या मॅडम पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्यांनी मुलींच्या पायांकडे पाहिलं, बापांच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सर, लाभार्थी नेमके कोण?"

मी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आता नोटीस येणार. मॅडम बराच वेळ रुमालाने तोंड झाकून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "मुलींसाठी नव्याने मागणी पाठवा. पण मापं तुम्ही घ्यायची नाहीत. ती कप्तान घेईल."

ही बातमी माझ्याआधी गावात पोचली. सोमवारी शाळेच्या दारात पोरींच्या आया येऊन उभ्या! मला वाटलं, झालं, आता बोलणी खायची.

संगीताची आई पुढे झाली. "सर, मापं आता पोरगी घेणार, खरं काय?"

"हो बाई, खरं. आता चूक होणार नाही."

बायकांचे चेहरे पडले. एकमेकींना कोपरानं ढोसणं झालं. मग ती पदर सावरत हळूच म्हणाली,

"तसं नको ना सर. तुमीच घ्या. फकस्त या टायमाला जरा कमी चुका. आमाला पाच नंबर लागतो."